दोन्ही पत्रं माझीच

"इंग्रजी बरं आहे," आठल्येसाहेब म्हणाले. त्यांनी कागद उजेडाकडे धरला, मग उलटा करून मागची बाजूही पाहिली. मागे काही नव्हतं. "कोणी लिहिलंय?"

"मी, साहेब."

"हे युनियनचं पत्र आहे, मोडक."

"हो साहेब. जेवणाच्या सुट्टीत लिहिलं. कागद त्यांचाच होता."

"आणि टाइपरायटर?"

"टाइपरायटर आपला."

साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. ते रागावले की चष्मा पुसत आणि खूश झाले तरी पुसत. त्यामुळे आम्हा कारकुनांना दर वेळी काच स्वच्छ होईपर्यंत वाट पाहावी लागे.

"आणि याला उत्तर कोण देणार?"

"मीच देईन, साहेब. पत्रव्यवहार माझ्याच टेबलाकडे आहे."

"मग दे," साहेब म्हणाले, "पण असं दे, की पुन्हा यांचं पत्र येता कामा नये."

ही त्रेसष्ट सालची गोष्ट. मिरजेच्या अलीकडे दोन स्टेशनांवर, माळावर, श्रीविजय पॉटरी नावाचा कारखाना होता. एक भट्टी, एक उंच धुराडं, दीडशे माणसं. लोणच्याच्या बरण्या व्हायच्या, वर तपकिरी आणि खाली पांढऱ्या. मालक मुंबईला, सरकार मुंबईला, आणि दोघांनाही मराठीत लिहिलेलं चालत नसे. साहेबांना इंग्रजी वाचता येई, फोनवर बोलताही येई. लिहायला बसले की घाम फुटे. त्यामुळे कंपनीला काही म्हणायचं असलं की ते मी म्हणत असे, आणि युनियनला कंपनीला काही म्हणायचं असलं की तेही. यात कुणालाच वावगं वाटत नव्हतं. गावात न्हावी एकच असला तर तो दोन्ही भावांची डोकी करतोच. भाऊ कोर्टात भांडत असले म्हणून कुणी जटा वाढवत नाही.

पत्र तातोबा कुंभाराबद्दल होतं.

तातोबा आमचा भट्टीवाला. बावीस वर्षं त्या एका भट्टीपुढे उभा. भट्टीच्या भिंतीत वीट काढून ठेवलेलं एक भोक असतं, त्याला डोळा म्हणतात. त्या डोळ्याला तातोबा आपला डोळा लावायचा आणि आतला जाळ पाहून सांगायचा, "आजून दोन तास." कंपनीनं जाळ मोजायचं जर्मन यंत्र आणलं होतं. यंत्र बिघडलं की नाही हे तातोबाला विचारून ठरवत. या कामात त्याचा डावा डोळा गेला होता. उजव्या डोळ्याची नोकरी तेवढी बाकी होती. कारखान्याच्या आवारातच पत्र्याच्या खोलीत तो आणि त्याची बायको हौसाक्का राहत.

भट्टी विझवली की चार दिवस निवू द्यावी लागते. मालकांचे पुतणे वसंतराव सहा महिन्यांपूर्वी मुंबईहून कारखाना शिकायला आले होते. त्यांना चौथ्या दिवसाचं कारण पटत नव्हतं. गिऱ्हाइकाचा ट्रक दारात उभा होता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पहार मागवली आणि भट्टीच्या लिंपलेल्या तोंडावर स्वतःच घाव घातला.

"मालक, गरम हाय," तातोबा म्हणाला.

दुसरा घाव.

"मालक, निवली न्हाई. वारं लागलं की तडकंल."

तिसऱ्या घावाला तातोबानं त्यांचं मनगट धरलं आणि मागं ओढलं. मागं मातीचा हौद होता. पांढरीशुभ्र पँट, पांढरीशुभ्र माती. तसा रंगात काही फार फरक पडला नाही. पण वसंतरावांना कुणीतरी हसल्यासारखं ऐकू आलं.

दुपारी तातोबाच्या हातात कागद पडला. वरिष्ठाच्या अंगावर हात टाकल्याबद्दल कामावरून कमी, महिन्याच्या आत खोली रिकामी करावी. कागद मीच टाइप केला होता. तोवर वसंतरावांनी भट्टी उघडून दाखवली होती. आत वारं शिरलं आणि चणे फुटावेत तशा बरण्या तडकायला लागल्या. निम्म्या गेल्या. मुंबईला जो रिपोर्ट गेला त्यात कारण होतं, 'प्रतिकूल हवामान'. तोही मीच लिहिला. हवामानानं कधी खुलासा मागितला नाही.

युनियनचे सेक्रेटरी अल्लाबक्ष मुजावर. झिलई खात्यातले, हात कायम कोपरापर्यंत पांढरे. संध्याकाळी ते तातोबाला घेऊन माझ्या खोलीवर आले.

"कायदा असा हाय, तातोबा," मुजावर म्हणाले. "एकट्याचं भांडण सरकार बघत न्हाई. समद्यांनी सह्या करून म्हणाय पायजे, की ह्ये आमचं भांडण. मग त्येला डिस्प्यूट म्हणत्यात. मग लेबर ऑफिसर येतो, कंपनीला इचारतो."

"आन एकट्याचंच ऱ्हायलं तर काय म्हणत्यात?"

"काय म्हणत न्हाईत. घरी बसायचं."

"घर तर कंपनीचं हाय," तातोबा म्हणाला. "करा बाबा डिस्प्यूट. एका डोळ्याचा भट्टीवाला दुसरीकडं कोण ठेवून घेतोय? भाऊसाब, तुमी लिवा. पर चांगलं लिवा."

मी लिहिलं. चांगलं म्हणजे विनम्र, व्याकरणशुद्ध, चार परिच्छेद. बावीस वर्षांची चाकरी, चार दिवसांचा नियम, तडकलेल्या बरण्या. शेवटी 'न्याय मिळेल अशी आशा आहे'. लेबर ऑफिसर पुढच्या गुरुवारी येणार होते. बुधवारी संध्याकाळी युनियनची सभा, ठराव, सह्या. सगळं नीट जुळलं होतं.

आणि मग साहेबांनी मला उत्तर लिहायला सांगितलं.

हापिसात एक कोश होता. कारखाना सुरू करून देणारा कुणी गोरा इंजिनियर तो मागे ठेवून गेला होता. वजन एवढं, की उन्हाळ्यात दाराला लावायला तोच वापरत. पण त्यात प्रत्येक शब्दाची कुळी दिलेली होती, कुठून आला, वाटेत कुणाच्या घरी राहिला, आधी काय म्हणवत होता. मी बी.ए.ला इंग्रजी घेतलेला माणूस आणि दिवसभर लिहीत काय होतो, तर 'बरण्या रवाना केल्या, पोच द्यावी'. तो कोश मी दारातून उचलून टेबलावर आणला. दाराला वीट लावली.

भांडणाला इंग्रजीत शब्द पुष्कळ. मी दोन निवडले. क्वारल आणि डिस्प्यूट.

क्वारल आला लॅटिनमधून, फ्रेंचांच्या घरून. मूळ धातूचा अर्थ गाऱ्हाणं करणं, कुरकुरणं. म्हणजे त्यात माणूस एकटा असला तरी चालतो. दुखतं त्याला आणि बोलतो तो. डिस्प्यूटचं कूळ वेगळं. त्यात एक धातू आहे, त्याचा अर्थ आधी झाडाच्या फांद्या छाटून साफ करणं, मग हिशेब करणं, मग विचार करणं. त्याच्याआधी 'वेगवेगळं' असा उपसर्ग. दोन पक्ष समोरासमोर बसून एकेक मुद्दा छाटून, वेगळा करून मांडतात, तो डिस्प्यूट. क्वारलला ऊर लागतो, डिस्प्यूटला डोकं लागतं.

मी तीन पानं लिहिली. कंपनीला तातोबाविषयी आदर आहे, असं सुरुवातीला म्हटलं. त्याला दुःख झालं हेही कबूल केलं. मग त्याच्या दुःखाचा हात धरून त्याला हळूच कायद्याच्या दाराबाहेर नेऊन बसवलं. एका माणसानं एका माणसाचं मनगट धरलं. एक माणूस पडला, एका माणसाची नोकरी गेली. यात मुद्दा कुठे आहे? पक्ष कुठे आहेत? हे गाऱ्हाणं आहे, आणि गाऱ्हाण्याला कान द्यावा, कलम देऊ नये. शेवटचं वाक्य जमलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खिडकीपर्यंत जाऊन आलो.

साहेबांनी ते पत्र तीनदा वाचलं. मग शिपायाला हाक मारली आणि माझ्यासाठी चहा मागवला. आम्हा कारकुनांना चहा काचेच्या ग्लासातून मिळे. त्या दिवशी मला बशी असलेला कप आला.

"मोडक," ते चष्मा पुसत म्हणाले, "हे तुला कुठून सुचलं?"

"कोशात आहे, साहेब."

"कोशात सगळंच असतं. हेडक्लार्क जोशी दोन वर्षांनी जाणार. त्यांनी तो कोश नुसता दाराला लावला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बस ना."

मी बसलो. साहेबांसमोर मी पहिल्यांदाच बसलो होतो, आणि बसलेला माणूस उभ्या माणसापेक्षा जास्त बोलतो.

"डिस्प्यूट मिटतो कसा, ते ठाऊक आहे," साहेब म्हणाले. "ऑफिसर, कोर्ट, कागद. पण हे तुझं क्वारल कसं मिटतं?"

"आपल्याकडे गुळानं मिटतं, साहेब."

"म्हणजे?"

मी कपातला चहा बशीत ओतला आणि सांगितलं. भट्टी पेटवायच्या आधी भट्टीपुढे एका पितळी ताटात गूळ फोडून ठेवतात. ज्यांचं ज्यांचं आपसात वाकडं असेल त्यांनी एकमेकांना गुळाचा खडा द्यायचा आणि खायचा. खाल्ला की भांडण संपलं. जाळ चालू असताना ते कुणी पुन्हा काढायचं नाही. काढलं तर भट्टी तडकते. पुतण्यानं काकाची वाटणी दिलेली नाही, बायको माहेरी गेलेली आहे, काही असो. गूळ म्हणजे गूळ.

"आणि हे सगळे पाळतात?"

"तातोबा तर फारच. त्यानंच सगळ्यांना लावून दिलंय."

"वा!" साहेब म्हणाले. "छान चाल आहे."

मला वाटलं, मी त्यांना एक मजेशीर गोष्ट सांगितली.

शनिवारी मुजावर उत्तर घेऊन आले. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण हायस्कूलच्या मास्तरांकडून त्यांनी अर्थ लावून घेतला होता.

"भाऊसाब, ह्ये काय केलंसा?"

"मुजावर, घाबरू नका. याचं उत्तर तयार आहे." मी कोटाच्या खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांना दाखवला. तो खरंच तयार होता, आणि माझ्या मते तर आधीच्या पत्रापेक्षा सरस. डिस्प्यूट हा क्वारलचाच मोठा झालेला मुलगा आहे, एकाचं गाऱ्हाणं दीडशे जणांनी आपलं म्हटलं की ते वयात येतं, असं त्यात मांडलं होतं. तडकलेल्या बरण्या तातोबाच्या नव्हत्या, सगळ्यांच्या होत्या, असंही होतं.

"मग द्या की आजच."

"आज नको. गुरुवारी. ऑफिसरसमोर."

"का?"

"आज दिलं तर कंपनीला उत्तर द्यायला वेळ मिळेल."

"कंपनी म्हंजी तुमीच न्हवं का?"

"तेच म्हणतोय मी," मी म्हणालो.

मुजावर म्हणाले, "तुमी शिकल्याली माणसं. करा काय ते." आणि पांढरे हात धोतराला पुसत गेले.

मंगळवारी संध्याकाळी भट्टी पेटायची होती. साडेचारला आठल्येसाहेब स्वतः भट्टीवर आले. ते भट्टीवर कधी येत नसत. उष्म्यानं त्यांना चक्कर येई. शिपायाच्या डोक्यावर गुळाची सबंध ढेप होती. बरोबर वसंतराव, नव्या पँटीत.

"तातोबाला बोलवा," साहेब म्हणाले.

दीडशे माणसं भट्टीपुढे जमलेली होती. कुणीतरी पत्र्याच्या खोलीकडे धावलं. तातोबा आला तो अंगावर धुतलेली बंडी, डोक्याला फेटा. मागून हौसाक्का, पदर सावरत. तो भट्टीपासून दहा पावलांवर थांबला. त्या जागेच्या आत यायला त्याला आता परवानगी नव्हती.

"असा ये रे," साहेब म्हणाले. "बावीस वर्षं तुझ्या हातानं पेटली ही. आज दुसऱ्या कुणी पेटवावी असं मला वाटेना."

तातोबाचा चांगला डोळा भरून आला. दुसरा तसाच कोरडा राहिला. त्याचं पाणी केव्हाच आटलं होतं.

साहेबांनी गुळाचा खडा वसंतरावांच्या हातात दिला. वसंतरावांनी तो तातोबाला दिला. तातोबानं निम्मा फोडून परत त्यांच्या हातावर ठेवला. दोघांनी खाल्ला. मग सगळ्यांनी खाल्ला. मला साहेबांनी स्वतःच्या हातानं दिला. कोल्हापुरी गूळ होता, उत्तम. मुजावर मागे उभे होते. त्यांनीही खाल्ला आणि डोळे पुसले. हौसाक्का म्हणाली, "म्या म्हणतच हुते, साहेब द्येवमाणूस हाय." तातोबानं पलित्यानं जाळ लावला, डोळ्याला डोळा लावला आणि नेहमीच्या आवाजात ओरडला, "लाकूड बारीक घाला रं. आजून ल्हान पोर हाय ती."

बुधवारी सकाळी सात वाजता भोंगा झाला. तातोबा डबा घेऊन कामावर निघाला. खात्याच्या दारात रखवालदारानं त्याला अडवलं.

"नाव न्हाई यादीत."

"आरं, काल गूळ खाल्ला की."

"खाल्ला आसंल. नाव न्हाई."

तो हापिसात आला. साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं, वीट लावलेली होती. मी बाहेर टेबलाशी बसून सगळं ऐकत होतो.

"साहेब, आपलं मिटलं न्हवं?"

"मिटलं तर," साहेब म्हणाले. "माझ्या मनात काही नाही. वसंतरावांच्याही मनात काही नाही. तुझ्या आहे का?"

"न्हाई."

"मग झालं तर."

"आन काम?"

"कामाचं कोण बोललं होतं, तातोबा? काल कामाचा विषय निघाला होता का?"

तातोबानं आठवून पाहिलं. विषय निघाला नव्हता. तो खरं बोलणारा माणूस होता. तो "न्हाई" म्हणाला आणि बाहेर आला. माझ्या टेबलाजवळून जाताना तो थांबेल असं मला वाटलं. मी एक रजिस्टर उघडून त्यात बघू लागलो. तो थांबला नाही.

संध्याकाळच्या सभेला ठराव लिहायला मी होतोच; जाळावरची चार माणसं सोडली तर बाकी सगळी हजर होती. एवढी कधी नसत. कोरा कागद मध्ये ठेवलेला, शाईचा पॅड अंगठ्यांसाठी.

"साहेबानं दगा दिलाय," मुजावर म्हणाले. "गूळ त्यांनी मोडलाय. आपल्यावर बंधन न्हाई. करा सह्या."

"व्हय," दोघंचौघं म्हणाले. पण पुढे कुणी येईना. खिडकीतून भट्टीचा आवाज येत होता. पेटलेल्या भट्टीचा एक आवाज असतो, दूरवर पूर आल्यासारखा. सगळे तोच ऐकत होते. एका म्हाताऱ्यानं हळूच म्हटलं, "भट्टी निवल्यावर करू की." मुजावर ओरडले, "ऑफिसर उद्या येतोय! भट्टी निवंस्तवर तो ऱ्हातोय व्हय हितं!"

मग तातोबा उभा राहिला.

"कागद उचला, मुजावर."

"तातोबा, तुझ्याचसाठी चाललंय रं ह्ये."

"म्हायती हाय. पर माझ्या हातानं पेटलीया ती. दोन हजार बरण्या हायत आत. त्यांनी मोडलं म्हणून आपण मोडायचं? मग त्यांच्यात आन आपल्यात फरक काय ऱ्हायला?"

फरक या शब्दावर मी मान वर केली. माझा त्या आठवड्यात फरकांचाच अभ्यास चालला होता.

गुरुवारी अकराला लेबर ऑफिसर आले. तरुण गृहस्थ, जिल्ह्याच्या गावाहून एसटीनं आलेले, रुमालानं मान पुसत. साहेबांच्या खोलीत एका बाजूला साहेब आणि वसंतराव, दुसऱ्या बाजूला मुजावर आणि तातोबा. कोपऱ्यात मी, सभावृत्त लिहायला. दोन्ही पक्षांनी माझंच नाव सुचवलं होतं.

ऑफिसरांनी आधी युनियनचं पत्र वाचलं. मग कंपनीचं. दुसरं वाचताना त्यांचा मान पुसणारा हात थांबला. एका ठिकाणी ते हसले. तो परिच्छेद कुठला, ते मला बसल्या जागेवरून कळलं.

"हे ड्राफ्ट कोणी केलं?"

"आमचे मोडक," साहेब म्हणाले.

"तुम्ही कॉलेजात असायला हवे होतात हो!"

"थँक्यू, सर," मी म्हणालो. माझे कान तापले होते. साठ वर्षं झाली. ते कान अजून आठवतात.

ऑफिसरांनी मुजावरांना विचारलं, "युनियनचा ठराव?"

मुजावरांनी तातोबाकडे पाहिलं.

"तुम्ही सांगा," ऑफिसर तातोबाला म्हणाले. आवाज चांगला होता त्यांचा. मला वाटतं, त्यांना खरोखर ऐकायचं होतं. "तुमची काही तक्रार आहे का?"

तातोबा खिडकीबाहेर बघत होता. तिथून धुराडं दिसायचं. धूर कसा येतोय ते त्यानं नीट न्याहाळलं, आणि म्हणाला, "आत्ता न्हाई, साहेब. भट्टी पेटलीया."

ऑफिसरांना काही कळलं नाही. ते दुसऱ्या मुलखातले. त्यांच्याकडे भांडणं गुळानं मिटत नसावीत. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे. "काय म्हणताहेत हे?"

खोलीत ते सांगू शकणारा मी होतो. मुजावर माझ्याकडे बघत होते. माझा हात खिशात गेला, कागदाला लागला. साहेबांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

"तक्रार नाही म्हणतात, सर," मी म्हणालो.

आणि तसंच लिहिलं. 'आत्ता' लिहायचं राहिलं.

भट्टी विझली, चार दिवस पूर्ण निवली, आणि उघडली. दोन हजार बरण्यांत एकही तडा नव्हता. असा माल श्रीविजयमधून त्याआधी निघाला नव्हता आणि नंतरही निघाला नाही. मुंबईहून अभिनंदनाची तार आली. ऑफिसरांचा शेराही त्याच दिवशी आला: डिस्प्यूट अस्तित्वात नाही. मुजावर म्हणाले, पुन्हा अर्ज करू, आता भट्टी निवलीया. तातोबा म्हणाला, "एकदा तोंडानं न्हाई म्हटलंय." महिना भरायच्या आत त्यानं खोली रिकामी केली. जाताना झाडून, सारवून गेला.

मी दोन वर्षांनी हेडक्लार्क झालो. साहेबांनी त्या भट्टीतली एक बरणी मला भेट दिली. आमच्याकडे अजून आहे. कैरीचं लोणचं त्यात वर्षभर टिकतं.

त्यानंतर अकरा-बारा वर्षांनी असेल, मी एका गावी लग्नाला गेलो होतो. कार्य आटोपून परत निघालो तर वाटेत आठवड्याचा बाजार भरला होता. कडेला कुंभारांची दुकानं: चुली, माठ, कुंड्या. एका दुकानामागे हौसाक्का बसली होती. तिनंच ओळखलं.

"अवं, भाऊसाब आल्यात."

तातोबा माठाच्या उतरंडीमागून वर आला. उजव्या डोळ्यातही आता फूल पडलं होतं. तो माझा चेहरा शोधत होता आणि तो त्याला माझ्या जरा डावीकडे सापडला.

"बसा," तो म्हणाला. मी पोत्यावर बसलो. थोडं इकडचंतिकडचं झालं. मुजावर वारले, हे त्याला माहीत होतं. कारखाना बंद पडला, हे नव्हतं.

"आन भट्टी?"

"पाडली."

त्यानं एका माठावर टिचकी मारून आवाज ऐकला आणि तो बाजूला ठेवला.

"भाऊसाब," मग तो म्हणाला, "मुजावरांनी जाताना ती कागदं मला दिल्ती. हितल्या शाळेत एक इंग्रजीचं मास्तर हायत. त्यांच्याकडनं वाचून घेतली मी. दोन्ही. दोन्ही तुमचीच न्हवं?"

"दोन्ही माझीच."

"पयलं बरं हुतं," तातोबा म्हणाला. "माजं नाव हुतं, वर्सं हुती, समदं बराबर हुतं. पर जीव दुसऱ्यात हुता. मास्तर म्हणालं, ज्यानं लिवलंय त्येनं मन लावून लिवलंय."

माठांवरून ऊन सरकत होतं.

"तिसरंही होतं," मी म्हणालो. "तुमच्या बाजूचं. लिहून ठेवलं होतं मी."

"व्हय?" त्यानं चेहरा माझ्याकडे वळवला; या वेळी बरोबर. "कसं हुतं?"

"सगळ्यांत चांगलं होतं."

"मग दिलं का न्हाई?"

मी पुष्कळ आठवून पाहिलं. एवढे शब्द मला येत होते, त्यांची कुळं ठाऊक होती.

"कुणी मागितलं नाही," मी म्हणालो.

तातोबानं मान हलवली, म्हणजे बरोबर आहे, कबूल आहे, अशी. मग हौसाक्काला म्हणाला, "भाऊसाबास्नी पानी दे. उनाचं आल्यात."

आमच्या भागात उन्हातून आलेल्या माणसाला कधी नुसतं पाणी देत नाहीत. गुळाचा खडा देतात, वर पाणी. हौसाक्कानं तांब्या भरून आणला, माझ्यापुढे ठेवला. तिच्या मागेच, कुंडीवर झाकण म्हणून ठेवलेल्या परडीत, गुळाचं मोठं ढेकूळ होतं. त्यावर माशा बसत होत्या. तिनं माझी नजर पाहिली.

"गूळ संपलाय, भाऊसाब," ती म्हणाली.

मी पाणी प्यालो.